टायरचेंडूच्या जनकाचा सत्कार

खेळ खेळणारे ढिगानं सापडतात, खेळ शोधून काढणारा एखादाच! टायरचेंडू हा खेळ मी शोधला. गडगडत्या टायरमधून चेंडू आरपार मारायचा, बस्स! जळकोटच्या आमच्या शाळेला गोलपोस्ट नव्हते, ट्रॅक्टरचे जुने टायर मात्र मुबलक होते. आता नांदेडच्या कॉलेजांतली पोरंसुद्धा तोच खेळतात.

त्यामुळे नांदेडच्या स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. वर लिहिलं होतं, 'दयानंद सरांच्या परिवारास आग्रहाचं निमंत्रण.' म्हटलं, किती प्रेमळ माणसं, घरच्यांनाही बोलावलं! निवृत्त झालो तेव्हा गावात कुणी साधा नारळ हातावर ठेवला नव्हता. आज शाल मिळणार होती! कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि बायकोला, सिंधूला, घेऊन निघालो.

मैदानावर पोचलो तर काय! व्यासपीठावर माझा फोटो, शाळेतून मागवलेला. त्याला झेंडूचा हार. पुढं समई, उदबत्त्या. आयोजक विरूपाक्ष सर फोटोला हात जोडून उभे!

मी धावत जाऊन त्यांना गाठलं. "अहो सर, हा मी हाय!"

"या काका, या! त्यांचे धाकटे भाऊ ना? चेहरा लई जुळतो."

"भाऊ न्हाई वो! मीच दयानंद! खेळ मीच काढला!"

"काका, खेळ काढणारी माणसं फोटोतच असतात."

मी आधारकार्ड काढून नाकासमोर धरलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि घाम पुसला.

"आता कसं करावं? प्रतिमापूजन झालंय, चषकावर 'स्मृतिचषक' कोरलंय, आमदारसाहेब निघालेत! काका, हात जोडतो, संध्याकाळपर्यंत जरा गप बसा!"

बसलो! दातओठ खात बसलो. भाषणांवर भाषणं झाली. दयानंद सरांनी म्हणे उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही. पोरांना कधी छडी लावली नाही. घरी स्वतःचा चहा स्वतः करून घेत! मग सगळे श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभे राहिले. मीही उभा राहिलो, करतो काय?

शेजारी हुंदका ऐकू आला. पाहतो तर सिंधू पदर डोळ्यांना लावून रडत होती!

"अगं, रडून काय राहिलीस? मी जिवंत हाय न!"

"हाव, दिसून राहिलं," ती नाक पुसत म्हणाली. "पण ते सर लई चांगले होते वो!"