ल्युपसपुढचं शेपूट

भिंतीवर 'महिन्याचा अचूक कोडर' म्हणून सलग चौथ्यांदा नव्या बाईंचा फोटो लागला आणि कोडकाकांना चहा कडू लागला. हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात, डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला विमा कंपनीसाठी योग्य तो कोड देण्यात काकांची एकोणीस वर्षं गेली होती. बाई येईपर्यंत फोटोच्या त्या खिळ्यावर काकांशिवाय दुसरं कुणी लटकलं नव्हतं. आता साहेब येताजाता "बाई, तुमच्या कामाला तोड नाही" म्हणायचे आणि काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाईंची एक तरी चूक सापडावी म्हणून जेवणाच्या सुट्टीत काकांनी त्यांच्या फायली चाळायला घेतल्या. आणि सापडली! डॉक्टरांनी ठळक 'ल्युपस' लिहिलं होतं, बाईंनी कोड दिले होते सांधेदुखीचे आणि गालांवरच्या चट्ट्यांचे.

"एवढा मोठा आजार दिसला नाही? म्हणे अचूक!"

काकांनी स्वतःच्या हाताने ल्युपसचा 'एम बत्तीस' टाकला, फाईल विमा कंपनीकडे धाडली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

तीन वाजता त्या फाईलमधल्या पेशंट बाई नवऱ्याला घेऊन खिडकीशी हजर. "मला ल्युपस झालाय हे मला विमा कंपनीच्या मेसेजवरून कळतंय!" त्या रडत होत्या, नवरा ओरडत होता. गलका ऐकून डॉक्टर खाली उतरले.

"अहो, पुढचं प्रश्नचिन्ह दिसलं नाही का? तपासण्या यायच्यात अजून. मी शंका लिहिली होती, निदान नाही!"

काकांनी आता कुठे चष्मा लावला. 'स'चं लांबलेलं शेपूट म्हणून त्यांनी जे सोडून दिलं होतं, ते प्रश्नचिन्हच होतं.

"कोड कुणी बदलला?" साहेबांनी विचारलं.

"मी," काका कसेबसे म्हणाले.

"बाई, नियम काय आहे?"

बाईंनी ड्रॉवरमधून एक जीर्ण वही काढली. "'शंकेला कोड देऊ नये. निदान पक्कं होईपर्यंत लक्षणांनाच कोड द्यावा.'"

"बघा काका, याला म्हणतात काम! कुणी लिहिलंय हो हे?"

"काकांनीच," बाई संकोचून म्हणाल्या. "पहिल्या पानावर त्यांची सही आहे. कपाटात सापडली, मी सगळं हिच्यातूनच शिकले."

काकांनी हात जोडून पेशंट बाईंची माफी मागितली, कोड दुरुस्त केला आणि वही मागून घेतली. टपोरं अक्षर, एकही खाडाखोड नाही, प्रत्येक प्रश्नचिन्ह लाल शाईत.

बाईंवरचा राग कधीच निवला होता. पण वहीची पानं उलटता उलटता त्यांचा पुन्हा तिळपापड होऊ लागला. हा वहीवाला स्वतःला समजतो तरी कोण!