शकुनाचं दही

टॉन्सिल काढायला डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, गळाच तेवढा सुन्न करायचा आणि चंद्रभानने जागेपणी तोंड उघडून बसायचं. दुसरी, पूर्ण भूल. "ठरवा आणि कळवा," म्हणून बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. आंजी गावात वांगी-टमाटे पिकवणाऱ्या चंद्रभानला जन्मात एवढी मोकळीक कोणी दिली नव्हती. मिळाली, तीही गळा कापून घेण्याच्या कामी.

"जागेपणीच करा नं," बायको गोपिका म्हणाली.

"गळा कापताना पाहात बसू? कोंबडं हाओ का मी?"

"तं मंग पूर्ण भूल घ्या."

"अन् बाबा?"

वीस वर्षांपूर्वी चंद्रभानचे वडील पोटाच्या ऑपरेशनला भूल घेऊन झोपले, ते उठलेच नाहीत. आता औषधं बदलली, यंत्रं बदलली, हे बाईंनी दोनदा समजावलं. पण त्याला आठवायचे ते चादरीबाहेर राहिलेले बाबांचे पाय. तीन आठवडे तो सकाळी एक ठरवायचा आणि संध्याकाळी दुसरं. इकडे गळा असा सुजला की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी मरायचंच तर न बघता मरू, म्हणून त्याने पूर्ण भूल पत्करली.

मग मरणाची तयारी सुरू झाली. विहिरीवरची मोटार कशी लावायची ते त्याने गोपिकेला शिकवलं. एक पाप मात्र राहिलं होतं. पाच वर्षांमागे चुलतभाऊ मधुकररावांच्या आणि आपल्या शेतामधल्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दगड त्याने दीड हात पलीकडे सरकवला होता, आणि आळ नाल्याच्या पुरावर ढकलला होता. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो मधुकररावांच्या दारात उभा राहिला.

"भाऊ, तो दगड पुरानं नाई सरकला. म्या सरकवला."

"आज काऊन सांगून राह्यला?" मधुकररावांनी विचारलं.

"आज पूर्ण भूल हाय. उठलो नाई तं पाप संगं नको."

मधुकरराव आत गेले आणि दही-साखरेची वाटी घेऊन आले. "घे. अशा कामाले रिकाम्या तोंडानं निघू नये."

रात्रीपासून पाण्याचा घोटही घेऊ नका, अशी दवाखान्याची ताकीद होती. पण पाच वर्षांनी भावाने पुढे केलेली वाटी नाकारायची कोणत्या तोंडाने? शिवाय शकुन म्हणजे काही खाणं नव्हे. चंद्रभानने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि डोळे पुसत निघाला.

"सकाळपासून काही खाल्लं?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाई साहेब. शकुनाचं दही तेवढं."

"किती?"

"वाटीभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भुलीत ते दही उलटून फुफ्फुसात गेलं असतं, तर खरंच उठला नसतात. पुढच्या मंगळवारी या."

सुजलेला गळा जसाच्या तसा घेऊन चंद्रभान घरी परतला, तर अंगणात मधुकरराव स्टॅम्पपेपर घेऊन बसलेले.

"आला? कर सही. दगड म्या सरकवला, असं लिवलं हाय. तू मेला असता तं कबुली कोनाची घेतो मी?"

चंद्रभानने कागद हातात घेतला. "भाऊ, उपाशी राहा लागते, हे तुमाले मालूम होतं?"

"मांगच्या साली माहं हर्नियाचं ऑपरेशन झालं. रातभर पान्यासाठी तडफडलो. मालूम कसं नसन?"

चंद्रभानने सही केली. मधुकररावांनी कागद घडी करून खिशात घातला. "आता मंगळवारी बिनघोर जाजो."

मंगळवारी चंद्रभान कडक उपाशी गेला. डॉक्टरीणबाईंसमोर बसताच म्हणाला, "बाई, गळाच सुन्न करा. पाहात बसतो."

"का? मरणाची भीती गेली?"

"नाई जी. थे तशीच हाय." त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पन पूर्ण भूल म्हटलं का बायको समोर येऊन बसते. म्हनते, मले काई सांगाचं राह्यलं का?"