नानांचा पदर

एकोणीस वर्षे मी मुलगी म्हणून वावरत होते, पण माझे सगळेच चुकत होते, हे मला जळगावात आल्यावर नानांनी सांगितले. नाना म्हणजे पन्नाशीचे, टक्कल पडलेले, नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करणारे गृहस्थ.

“बाई अशी बसत नाही,” ते म्हणाले आणि धोतर सावरून बसून दाखवले. दुर्दैवाने ते माझ्यापेक्षा चांगले बसले.

जळगावच्या हौशी नाटकमंडळीत नाना वीस वर्षे नायिका होते. त्यासाठी मिशी त्यांनी कधी ठेवली नाही. कोट-टोपीत कचेरीत बसलेले असतानाही त्यांचा उजवा हात अधूनमधून डाव्या खांद्याकडे जाई, तिथे नसलेला पदर नीट करी आणि परत टाकाकडे येई. मृत्यूची नोंद करायला आलेली माणसेही घटकाभर दुःख विसरून त्या हाताकडे बघत.

पण स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. निदान नायिकेला तरी दाढी करावी लागू नये, असे मंडळीच्या कमिटीने ठरवले. नाटक सहकुटुंब बघण्याचे, संगीत, एक सासू आणि सात रंगांच्या लुगड्यांतल्या सात सुना असे होते. त्यातली धाकटी सून म्हणजे नायिका. ती मला मिळाली. माझी पात्रता एवढीच, की दुसरी मुलगी कोणी पाठवली नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चारचौघांत माझा आवाज घशातच राहत असे. उरलेल्या सहा सुना दाढी करूनच येत.

नानांना ‘मार्गदर्शक’ केले. फोटोला हार घालतात, तसाच हा मान. त्याचा सूड त्यांनी माझ्यावर उगवला.

“लाजताना आधी पापणी, मग मान!”

“नाना, मी खरंच लाजले होते.”

“खरं लाजणं तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही, पोरी!”

फार चिडले की ते धुळ्याकडच्या आपल्या अहिराणीवर येत. “बठ्ठं वाया गयं!”, सगळं वाया गेलं, म्हणून टोपी आपटत. धाकट्या सुनेचे बागेतले पद त्यांनी मला दोन महिने घोटायला लावले. एकदा मात्र हळूच म्हणाले, “हे पद पडलं ना, तर तुला कोणी बोलणार नाही. लोक म्हणतील, नानानं मुद्दाम पाडलं.”

पहिला प्रयोग यावलला, भर दुपारी. बागेचा पडदा धुळ्याच्या पेंटरने रंगवला होता. त्याने केळी बहुधा ताटातच पाहिली असावीत. झाडावरच्या घडातली केळी वर वळतात, याने सगळी खाली लोंबत ठेवली होती. आणि समोर बसलेले सगळे केळीवाले.

मी तोंड उघडणार, एवढ्यात पुढून आवाज आला, “अरे भो, ह्या केयी उलट्या काढल्या!”

“पिऊन काढल्या का रे?”

“धाकट्या सूनबाईला इचारा, कोनत्या मळ्यातल्या!”

सगळा मांडव हसला. ते मलाच हसताहेत असे मला वाटले. पेटीवाल्याने पहिली ओळ तीनदा वाजवली. मी त्या उलट्या केळ्यांकडेच बघत राहिले.

तेवढ्यात विंगेतून नाना गाऊ लागले. आवाज पहिल्या ओळीला चिरकला, दुसरीला लागला. मी नुसते ओठ हलवले. हात त्यांनी शिकवल्याप्रमाणे आपोआप चालले. हसू थांबले. पद संपले तेव्हा मांडवभर ‘वन्स मोअर’ चालू झाला, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी विंगेकडे पाहिले. नाना त्या गर्दीकडे टक लावून उभे होते. गर्दीला ते दिसत नव्हते. त्यांचा हात डाव्या खांद्याकडे निघाला, अर्ध्यावर थांबला. मग त्याच हाताने त्यांनी माझ्या खांद्याकडे बोट दाखवले. माझा पदर घसरला होता.

मी तो सावरला. नानांनी ओठ घट्ट मिटले आणि मला मानेने खुणावले, ‘आता तू.’

मी गायले.

दुसऱ्या खेपेला सूनबाईचा आवाज जरा पडला, असे यावलला अजून म्हणतात. कचेरीत येऊन नानांच्या तोंडावरही म्हणतात. नाना खाली मान घालून रकाने भरतात, आणि म्हणतात, “पहिल्यांदा मात्र छान लागला होता हं तिचा.”