लिंबाच्या बागेतला 'तो'

लग्न होऊन मी शिरपूरजवळच्या या गावात आले, त्याच आठवड्यात माझे सासरे, म्हणजे आबा, दुपारचा चहा घेताना आवाज खाली आणून मला म्हणाले, "पोरी, आज सांजले तो येनार शे. बागमा बोलू नको. त्याले ऊन सोसत नही."

कोण तो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझं माहेर जळगावचं, पिंप्राळ्याचं. तिथे संध्याकाळी येणारा म्हणजे दूधवाला नाहीतर गॅसवाला, आणि दोघांनाही ऊन चांगलं सोसायचं. शेवटी नवऱ्याला विचारलं. प्रशांत मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "अगं, जिवाणू आहे तो." मला आधी हायसं वाटलं. मग जिवाणू चालत येतो की काय, म्हणून पुन्हा दाराकडे बघितलं.

गोष्ट साधी होती. आबांच्या लिंबाच्या बागेत पानं खाणाऱ्या अळ्या पडत. आबा त्यांच्यावर जहाल औषध मारत नसत. कृषी केंद्रातून एका जिवाणूची पावडर आणून ती पाण्यातून पानांवर फवारत. उन्हात तो जिवाणू टिकत नाही, म्हणून संध्याकाळी. अळीनं ते पान खाल्लं की तो पोटात जाऊन तिला आतून संपवतो. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याचा त्रास नाही.

पण आबांच्या तोंडी ही गोष्ट साधी राहत नसे. "तो पुडीमा झोपेल शे," ते सांगत. "पोटमा गया का उठस. तो उठना का खानं बंद." पुडी कोठीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात असे आणि तिथे भांडं आपटलेलं त्यांना चालत नसे. फवारणीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालत. पाण्यात चिमूटभर गूळ टाकत. मी म्हटलं, "गूळ कशाला?" तर शांतपणे म्हणाले, "अळीनी आवडीनं खावाले पाहिजे ना." त्या रात्री मी गुळाचा शिरा तसाच बाजूला सारला.

गावानं तर या 'तो'चा पार देव करून टाकला होता. दिवेलागणीला आमच्या बांधावरून कुणी जात नसे. एकदा एक बाई नारळ घेऊन आल्या. सुनेला वळण लावायला 'त्याला' सांगा म्हणाल्या. आबा जराही न हसता म्हणाले, "माय, तो फक्त अळीस्नं देखस." बाई नारळ ठेवून गेल्या. आम्ही चटणी केली. जेवताना सुनेचा विषय निघाला नाही.

त्या वर्षी बागेला नवी पालवी फुटली आणि अळ्यांनी झाडं भरून गेली. बागेत उभं राहिलं की बारीक टिपटिप ऐकू यायची. पाऊस नव्हता. अळ्या खात होत्या आणि त्यांची विष्ठा वाळलेल्या पानांवर पडत होती. आबांनी संध्याकाळी फवारणी केली.

सकाळी मी बागेत गेले. टिपटिप थांबली होती. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. अळ्या जागच्या जागी होत्या, जिवंत, माना उचललेल्या. समोर कोवळं पान, पण एकही खात नव्हती. काहीतरी ऐकत असल्यासारख्या नुसत्या थांबल्या होत्या.

प्रशांत भडकला. "मेल्या कुठे, आबा? बाग जाईल हातची! मी दुसरं औषध आणतो."

आबा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. न वळता त्यांनी विचारलं, "खाई राहिन्यात का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

दोन दिवसांनी अळ्या काळ्या पडून फांद्यांना उलट्या लोंबू लागल्या. वाऱ्यानं हलत. पालवी वाचली. प्रशांत खुशीत फोटो काढत फिरला. आबा मात्र आपली जीत बघायला बागेत फिरकलेच नाहीत. ओट्यावरून उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात अंड्यांतून नव्या अळ्या निघाल्या. त्या जरा मोठ्या होताच दुसरी फवारणी ठरली. त्या दिवशी दुपारचा चहा घेऊन मी आबांना शोधत निघाले. बागेच्या पार टोकाला, मी कधी गेले नव्हते त्या बाजूला, एक लिंबाचं झाड होतं. शेंड्याची चार पानं सोडली तर नुसते काटे. आणि काट्यांमधून सगळं झाड हळूहळू हलत होतं. वारा पडलेला होता.

अळ्या होत्या. आबा जेवणाच्या डब्यातून एकेक काढून शेंड्याच्या उरल्यासुरल्या पालवीवर ठेवत होते.

मला बघून ते ओशाळले. "ह्या झाडले मी फवारत नही," म्हणाले. "बठ्ठ्या अळ्या वाचाडता येत नहीत. जमतीन तेवढ्या फवारनीना आधी ह्या झाडवर आनस."

"पण का, आबा?"

आबांनी डब्यातली आणखी एक अळी पानावर ठेवली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच आजारानं गेल्या होत्या. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे.

"तुनी सासूनी शेवटले खानं सोडी दिन्हं," ते म्हणाले. "मी ताट लिसन बसू. ती नुसती मन्हा तोंडकडे देखे." त्यांनी डब्याचं झाकण उगाच लावलं, काढलं. "खानं सोडेल जीव माले देखवत नही, पोरी. बाग तर वाचाडनी पडस. पन देखवत नही."

मी चहा बांधावर ठेवला आणि जवळच्या झाडावरची एक हिरवी, लठ्ठ अळी चिमटीत धरली. तिनं डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग फटकन बाहेर काढलं. कसला तो उग्र वास! मी किंचाळून हात झटकला आणि पदरात अडखळून बांधावर बसले.

आबा हसले. आधी गालातल्या गालात, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. या घरात आल्यापासून त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

बागेच्या दुसऱ्या टोकाला प्रशांतनं पंप सुरू केला. आबांचं हसू तिथेच थांबलं. ऊन उतरलं होतं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"तू ती झाडेस्नी ओळ धर, मी ही धरस," ते म्हणाले. "बिगी बिगी."