वहिनींनी धुतलेला दगड

या, असे जवळ सरका! दगडाला पाझर फुटतो म्हणतात ना? आमच्या वहिनींनी तो एका सकाळी स्वयंपाकघरात फोडून दाखवला. ऐका तर!

वहिनींना आपल्या हातांचा भारी अभिमान. "माझ्या हातून आजवर कपसुद्धा फुटलेला नाही!" आणि ते खरंही होतं. त्यांचे दीर प्रयोगशाळेत खनिजं तपासायचे. तिथला फ्रीज बिघडला, म्हणून बर्फाळ समुद्राच्या तळाचा मधाच्या रंगाचा स्फटिक त्यांनी घरच्या फ्रीजरमध्ये आणून ठेवला. नाव त्याचं इकाइट. तो बघायला त्यांचे म्हातारे गुरुजी येणार होते. जन्मभर हा दगड शिकवला, पण पाहिला कधीच नाही; डोळे जाण्याआधी एकदा बघायचा, एवढीच इच्छा!

"वहिनी, डब्याला हात लावू नका हं!" असं बजावून दीर त्यांना आणायला गेले.

वहिनींनी डबा उघडला. दगडावर गाळ! "अगं बाई! गुरुजींना का असा पारोसा दाखवायचा?" कोमट पाण्यानं अंघोळ घातली, पुसला आणि बशीत घालून खिडकीत उन्हाला ठेवला. वळून पाहतात तर दगडाला घाम! घामाचे ओघळ, ओघळांचं दूध! "अरे, रडू नको रे बाबा!" म्हणत टिपायला गेल्या, तर दगडाचा कोपराच फडक्यात आला!

तेवढ्यात बेल वाजली.

"वहिनी! काय केलंत हे?" दीर किंचाळले.

"भावोजी, शप्पथ सांगते, नुसता धुतला! धोंडा तो, खडीसाखरेहून नाजूक असेल हे मला काय ठाऊक?"

गुरुजी मात्र बशीवर नाक टेकेपर्यंत वाकले होते. "गप्प रे! बघ... चुनखडीच्या एकेका कणाला पाण्याचे सहा-सहा कण बिलगलेले. गारठ्यात घट्ट, आणि जरा ऊब लागली की पाणी हात सोडतं. फळ्यावर किती वेळा लिहिलं! सुटताना आज पाहिलं..."

बशीत दुधाळ पाणी, तळाशी चिमूटभर रेती. तिघंही देवापुढे उभं राहावं तशी उभी. काळोख्या तळाशी, कुणी बघत नसताना, पाण्याला दगड होऊन बसायला सांगणारा तो केवढा कारागीर!

दिरांचा राग निवळला. "जाऊ द्या, वहिनी. डब्यात खाली अजून एक आहे."

वहिनींनी हळूच गॅसकडे पाहिलं.

"भावोजी... तो फारच मळला होता हो. मी उकळत ठेवलाय!"

असो. कधी तुमच्या फ्रीजरमध्ये दगड सापडलाच, तर नळ सोडण्याआधी आमच्या वहिनींची आठवण तेवढी काढा!