माणूस मावतो

भटूनाना कुणाच्याही घरात शिरले की आधी जमिनीवर आडवे पडायचे.

चपला दाराबाहेर, टोपी छातीवर, हात दोन्ही बाजूंना सरळ. पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज लक्कन हलायचं. एका घरमालकिणीनं तर "आवं माय, याले चक्कर उनी!" म्हणून त्यांच्या नाकाशी कांदा धरला होता. नानांनी तो घेतला, खिशात टाकला आणि डोळे मिटून म्हणाले, "उशाकडनी भित वली शे." तिथला रंग खरवडला, तर खरंच ओल निघाली.

नाना आमच्या कचेरीत पाहणी कारकून होते. आमची योजना अशी, की सरकारनं स्वस्त व्याजानं कर्ज द्यायचं, घरमालकानं त्यातून खोल्या बांधायच्या आणि बेघर कुटुंबांना ठरलेल्या कमी भाड्यात द्यायच्या. खोल्या नीट बांधल्यात का हे नानांनी बघायचं, भाडेकरू खरोखर बेघर आहे का हे मी बघायचं. मी त्यांचा साहेब. वयानं त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, नाशिककडून बदलून आलेला आणि स्वतःला फार हुशार समजणारा.

कचेरीनं नानांना मोजायची फीत दिली होती. ती ते कमरेला गुंडाळायचे, कारण पट्टा तुटला होता. "फीतले काय समजस, साहेब? आंगले समजस," असं त्यांचं म्हणणं. पाहणीच्या कागदावर 'खोलीचे मोजमाप' या रकान्यात ते लिहायचे, 'माणूस मावतो.' किंवा, 'माणूस मावतो, कूस बदलता येत नाही.' लेखापरीक्षकांनी एकदा लेखी विचारणा केली, की 'मावणे' हे मोजमाप कोणत्या एककात आहे? नानांनी लेखी उत्तर दिलं, 'माणसात.' त्या उत्तरावर सही माझी होती. मी न वाचताच केली होती.

सारंगखेड्याकडच्या एका बड्या बागायतदारानं कर्जातून तीन खोल्या बांधल्याचं दाखवलं होतं. तिसरीत कापसाच्या गोण्या छतापर्यंत. नाना दोन गोण्यांच्या फटीत तिरके शिरले आणि पाय बाहेर ठेवून पडून राहिले. बागायतदार चहा घ्या, केळी घ्या करत मागंपुढं नाचत होता. आतून आवाज आला, "मी मावत नही, तं भाडेकरू काय मावी?" कर्जाचा पुढचा हप्ता अडला. बागायतदार मला भेटायला आला आणि मी त्याच्यासमोर नानांची टिंगल केली. म्हणालो, "आमचे नाना ड्युटीवर झोपतात, काय करणार!" आम्ही दोघं हसलो. नाना दारात उभे होते.

एवढ्यावर मी थांबलो नाही. आडव्या पडलेल्या नानांचा फोटो मीच कचेरीच्या ग्रुपवर टाकला होता. आज ते आठवलं की मान खाली जाते.

मग जेमलीबाईचा अर्ज आला.

जेमलीबाई मणिबेलीची. इथल्या मुलींच्या वसतिगृहात भांडी घासायची आणि लेकीला घेऊन वसतिगृहाच्याच सरपणाच्या खोलीत राहायची. ती खोली पाडून तिथं नवे संडास होणार होते आणि महिनाअखेरीला तिला बाहेर पडायचं होतं. आमच्या यादीत एकच खोली रिकामी होती. मी अर्जातला प्रश्न विचारला, "बाई, स्वतःचं घर आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "मणिबेलीला."

ती पुढं काहीतरी सांगत होती. बाहेर रांग मोठी होती. मी 'आहे' वर खूण केली, तेवढ्यानं अर्ज नामंजूर झाला आणि मी पुढचं नाव पुकारलं. मणिबेली म्हटल्यावर तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. धरणाच्या पाण्यात ते गाव बुडालं, उरल्यासुरल्या वस्तीत जायला नाव लागते, हे इथल्या शाळेतल्या पोरींनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण त्या वेळी माझ्यासमोर बाई नव्हतीच, रकाना होता.

नानांनी नामंजूर अर्जांचा गठ्ठा चाळला आणि माझ्या टेबलाशी आले. "तिन्हं घर देखी येसू मी."

"नाना, नामंजूर अर्जाची पाहणी नसते."

"रजा तं ऱ्हास ना?" असं म्हणून त्यांनी रजेचा अर्ज माझ्यापुढं सरकवला.

नाना जेमलीबाईला घेऊन गेले. आधी एसटी, मग जीप, मग नाव. तिसऱ्या दिवशी टोपी उन्हानं विटलेली, नाक सोललेलं, असे परत आले आणि पाहणीचा कागद माझ्यापुढं ठेवला. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'अर्जदाराचे घर अर्जदाराने नावेतून दाखवले. दार उगवतीकडे. चूल दाराच्या उजव्या हाताला. मागे मोहाचे झाड, शेंडा दिसतो. घरावर पाणी. माणूस मावत नाही.'

मी तो कागद दोनदा वाचला. एका खुणेनं मी त्या बाईला रस्त्यावर काढत होतो.

चूक सुधारायची घाई झाली मला. जेमलीबाईला बोलावलं, कोऱ्या कागदावर 'माझे स्वतःचे घर नाही' असं टंकून घेतलं आणि पेन पुढं केलं. "बाई, इथं सही करा. आजच किल्ली देतो."

तिनं लेकीकडून कागद वाचून घेतला आणि पेन खाली ठेवलं.

"घर आहे, साहेब. पाणी वर आलं. घर कुठं गेलं?"

"अहो, नुसता कागद आहे. कोण विचारतंय?"

"माझ्या सासूनं लिंपलं ते घर. नाही कसं लिहू?"

मी समजावलं, मग चिडलो. खोली दुसऱ्याला जाईल म्हणून धमकावलंसुद्धा. लेक आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. दारात उभे असलेले नाना एकदम म्हणाले, "साहेब, तुम्ही करशात का हाई सही?"

नानांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी उगीच योजनेचे नियम चाळू लागलो. त्यात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, 'घर म्हणजे राहण्यायोग्य घर' असं छापलेलं होतं. दोन वर्षं मी हे नियम वापरत होतो आणि ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. मी अर्जावर लिहिलं, 'घर आहे. राहण्यायोग्य नाही.' लेकीनं ते आईला वाचून दाखवलं. जेमलीबाईनं मान हलवली आणि एकेक अक्षर कोरत सही केली. संध्याकाळच्या आत दोघी किल्ली घेऊन गेल्या.

मी नानांना म्हणालो, "नाना, माफ करा मला. सगळ्याबद्दलच." ते टोपी झटकत राहिले. मग, कधी नव्हे ते, समोरच्या खुर्चीत बसले आणि स्वतःचं सांगू लागले.

नोकरीला लागले तेव्हा नानांनी सरकारी क्वार्टर मागितलं होतं. नवीन लग्न झालेलं, बायकोला शहरात राहायचं होतं. अट तीच, जिल्ह्यात स्वतःचं घर नको. नानांनी लिहून दिलं, 'माझे घर नाही.' पडताळणीला तो कागद त्यांच्या गावी, रनाळ्याला गेला आणि तलाठ्यानं तो त्यांच्याच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. आई तिथंच शेंगा निवडत होती. नाना पुढच्या रविवारी गेले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मंग मी कोठे ऱ्हास रे, भटू?"

ती नानांच्या क्वार्टरमध्ये कधीच आली नाही. आता बायको नाही, मुलगी सुरतेला, आणि नाना त्या क्वार्टरमध्ये एकटे राहतात.

मला राहवलं नाही. "नाना, 'राहण्यायोग्य' ही अट तेव्हाही असणारच. तुम्हीही तसं लिहून द्यायचं होतं. घर आहे, पण राहण्यायोग्य नाही."

नानांच्या नजरेत राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"कसं लिखू, साहेब? ऱ्हावाजोगं व्हतं ना ते," ते म्हणाले. "माय व्हती तठे."