सुटलेल्या हाताचा रामराम

पिराजीने होणाऱ्या व्याह्यांना रामराम घातला नाही, ही बातमी पिराजीच्या जीपच्या आधी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पोचली. बिद्रीची एसटी त्याला कळंब्याजवळ मागे टाकून पुढे गेली होती, आणि एसटीत बिद्रीचीच माणसं होती.

"सयाजीराव रस्त्याकडंला हात जोडून हुबं हुतं म्हनं," बाळाबाईने ताट वाढायच्या आधीच नवऱ्याला धरलं. "आन् तुमी सरळ समोर बघत निघून आलासा?"

"गाडी चालवताना समोरच बघत्यात."

"आजवर कुठं बघत हुता मग?"

पिराजीने रिकामं ताट पुढे ओढलं. गुरुवारी त्यांच्या मुलीची, शालनची, सुपारी फुटायची होती. सयाजीरावांचा मुलगा शाळामास्तर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला, आणि मुख्य म्हणजे शालनला मनापासून पसंत. तिने तसं तोंडाने सांगितलं नव्हतं, पण बिद्रीचं नाव निघालं की ती उगीचच पाणी आणायला जायची. असं स्थळ एका रामरामापायी जाणार म्हटल्यावर बाळाबाईला घास गोड लागणं शक्य नव्हतं.

पिराजी वडापची जीप चालवायचा. म्हणजे पेठेतून बिद्रीपर्यंत वाटेत जो हात करील त्याला आत कोंबायचं आणि न्यायचं. त्या रस्त्यावर त्याला ओळखत नाही असं फक्त कुत्रं असेल. प्रत्येकाचा रामराम यायचा आणि पिराजी तो परत करायचा, तोही दोन्ही हातांनी. एका हाताने रामराम घालणं म्हणजे माशी हाकलणं, असं त्या भागातलं मत आहे. तेवढा वेळ जीप आपल्या अकलेने चालायची.

गेल्या महिन्यात इस्पुर्लीजवळ तिची अक्कल संपली. पिराजीने कुणाला तरी हात जोडले, आणि सोडले तेव्हा समोर नातवाला काखेत घेतलेली एक म्हातारी होती. जीप तिच्या पदराला वारा लावून उसात शिरली. कुणाला खरचटलंदेखील नाही. म्हातारीने शिव्या दिल्या, त्या पिराजीने आनंदाने ऐकल्या, कारण मेलेलं माणूस शिव्या देत नाही. मात्र त्या दिवसापासून डोळे मिटले की त्याला तो नातू दिसायचा.

म्हणूनच पोलिसांनी ड्रायव्हर लोकांसाठी वर्ग भरवला तेव्हा तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. शिकवायला लालासाब मुल्लाणी होते. लष्करात ट्रक चालवून आलेले. ते उभे राहिले की मागची भिंतही सावधान व्हायची.

"अपघात म्हंजे नशीब न्हाय, सवय हाय," लालासाब म्हणाले. "ष्टेरिंगवरनं हात सुटला की गाडी तुझी ऱ्हात न्हाय. ती वरच्याची. आन् वरच्यानं काय लायसन काढल्यालं न्हाय."

"मग वळखीचं मानूस दिसलं तर?" पिराजीने विचारलं.

"त्ये जित्तं ऱ्हावं असं वाटतंय का न्हाय?"

पिराजीला वाटत होतं. त्याने त्याच दिवशी मनाशी ठरवलं की गाडी चालू असताना साक्षात अंबाबाई समोर आली तरी हात सोडायचा नाही. अंबाबाई समजून घेईल याची त्याला खात्री होती. सयाजीरावांचा विचार त्याने केला नव्हता.

"मग थांबून घालायचा की रामराम," हे सगळं ऐकून बाळाबाईने तोडगा काढला.

दुसऱ्या दिवशी पिराजी प्रत्येक रामरामाला गाडी कडेला घेऊन थांबला. पण वडापची जीप थांबली की माणूस चढतो. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं असेही चढले. एक जण बैल शोधायला निघाला होता, तो बैलाला विसरून थेट बिद्रीला आला. सकाळचे प्रवासी दुपारी पोचले आणि पिराजीला जे बोलले त्यात रामराम नव्हता.

तेव्हा बाळाबाईने आपल्या चुलत्याला, केरबातात्याला, पुढच्या सीटवर बसवायचं ठरवलं. जीप पिराजीने चालवायची, रामराम तात्याने घालायचे. तात्या रिकामाच होता आणि पटका बांधून दिवसभर मिरवायला तो कधीही तयार असायचा. त्याने काम मन लावून केलं. ओळखीच्यांना घातले, अनोळख्यांना घातले, एका बुजगावण्यालाही घातला. पिराजी दोन्ही हात ष्टेरिंगवर ठेवून इतका निर्धास्त झाला की त्याला शिट्टी सुचली.

बिद्रीच्या वेशीवर सयाजीराव उभे होते. रागावले असले तरी माणूस रीतीचा, त्यांनी पुन्हा हात जोडले. केरबातात्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, हात मांडीखाली घातले आणि तोंड फिरवलं.

"तात्या, व्याही हुतं ती," पिराजी कळवळला.

"म्हाईत हाय. ह्येच्या भावाच्या लग्नात मला फेटा बांधला न्हवता."

"कवा?"

"तवा तुझं लगीन झालं न्हवतं."

संध्याकाळी निरोप आला. आधी व्याह्यांनी एकट्याने अपमान केला, आता त्यासाठी खास माणूस ठेवला आहे, तेव्हा गुरुवारी आम्ही येत नाही. निरोप ऐकून शालन पाणी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही. बाळाबाईने तिच्या वाटेकडे बघत चूल विझवली, आणि पिराजीला तेच जास्त लागलं. तो जीपमध्ये जाऊन बसला. ष्टेरिंगवरचे आपले हात पाहून त्याला पहिल्यांदाच त्यांचा राग आला. पण लगेच त्याला काखेतला तो नातूही दिसला.

बुधवारी सकाळी, प्रवासी न घेता आणि तात्याला घरी कोंडून, तो माफी मागायला बिद्रीला निघाला. नेमके त्याच वेळी सयाजीराव फटफटीवरून कोल्हापूरला निघाले होते. मोडायचं तर समोरासमोर मोडू, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

दोघांनी एकमेकांना लांबूनच ओळखलं. पिराजीने वेग कमी केला, बाजूचा दिवा लावला आणि गाडी डावीकडे घेतली. लालासाबांनी शिकवलं होतं अगदी तसं. सयाजीरावांनी ठरवलं की आज या माणसाला रीत म्हणजे काय ते दाखवायचंच. त्यांनी छाती पुढे काढली, दोन्ही हात सोडले आणि कोपरापासून जोडून रामराम घातला.

रामराम उत्तम झाला. फटफटी मात्र सयाजीरावांना घेऊन उसाच्या पाटात गेली.

पिराजी गाडी बंद करून धावला. व्याही चिखलात बसले होते आणि उजवं मनगट फुगत चाललं होतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून पिराजीने दोन्ही हात जोडले. "रामराम, पावणं."

सयाजीरावांनी हात उचलायचा प्रयत्न केला आणि डोळे पांढरे केले.

जीपच्या पुढच्या सीटवर बसवून पिराजी त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्याकडे घेऊन निघाला. पहिल्याच गावात देवळापुढचे म्हातारे उठून उभे राहिले. सयाजीरावांना सगळा रस्ता मानायचा. पाचसहा रामराम एकदम आले.

"डाव्या हातानं घालू?" सयाजीरावांनी हळूच विचारलं.

"तुमी बघा. पर डाव्या हाताचा..."

"व्हय. त्यापरास नगंच."

"मान हालवा की."

त्यांनी मान हलवली, कळ थेट खांद्यापर्यंत गेली आणि चेहरा असा वाकडा झाला की म्हातारे जागच्या जागी खाली बसले. पुढच्या गावात सरपंच होते. त्यांनी एकदा हात जोडले, वाट पाहिली, परत जोडले. सयाजीराव मांडीवरच्या मनगटाकडे बघत राहिले. त्यापुढच्या गावात तर हळदीकुंकवाला निघालेल्या त्यांच्या मावशीनेच हाक मारली. मागे बघता बघता तिचा हात कमरेवर गेलेला त्यांना दिसला.



"पिराजीराव," शेवटी सयाजीराव म्हणाले, "सुपारी उद्याच फोडू. उशीर नगं. सयाजी माजला म्हून आज सांजंपत्तुर सगळीकडं झालं असंल, मग माझ्या पोराला ह्या रस्त्यावर कोन पोरगी देनार न्हाय."

पिराजीला एवढा आनंद झाला की व्याह्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण समोर वळण होतं.

"व्हय," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.